खेतवाडीतले हेलिकॉप्टरवाले काका: हात सोन्याचा, तोंड फटकळ

रिमोटवर उडणारी हेलिकॉप्टरं दुरुस्त करणाऱ्या खेतवाडीतल्या काकांना पाचात चार तारे. पाचवा करवतीने कापला गेला, ते पुढे येईलच.

आधी माझं सांगते, नाहीतर वाचणारा म्हणेल बाईला यातलं काय कळतं. मी दादरला एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते, बावीस वर्षं झाली. मेण, प्लास्टर, अ‍ॅक्रिलिक आणि मिनिटाला तीसेक हजार फेऱ्या मारणारी मायक्रोमोटर हे माझं रोजचं. हेलिकॉप्टर माझ्या भाच्याचं. तो इंजिनीअरिंगला पुण्याला गेला आणि हे कपाटावर धूळ खात पडलं. रिमोटवर उडणारं, ४५० साइजचं, म्हणजे पाती ३२५ मिलिमीटरची, बॅटरी तीन सेलची, सगळं मिळून वजन पाऊण किलोच्या आसपास. विकून टाकण्याआधी एकदा उडवून बघू म्हटलं. त्याला तीन वर्षं झाली, अजून विकलेलं नाही.

ड्रोन उडवलेल्यांना वाटतं हेही तसंच असेल. ड्रोनच्या रिमोटची काडी सोडली की तो हवेत उभा राहतो. याची काडी सोडली की कुठे जायचं ते हे स्वतः ठरवतं. शिवाय हे वरखाली होतं ते पात्यांचा कोन बदलून. फेऱ्या तेवढ्याच राहतात. त्यामुळे जमिनीवर शांत टेकलेलं दिसलं तरी डोक्यावरची पाती पूर्ण वेगात असतात, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच पुढे होतो.

आता माझा पराक्रम. डिसेंबरात मुरबाडच्या पुढे भातकापणी झालेल्या शेतात उडवत होतो. उतरवताना एक पाय ढेकळावर टेकला, हेलिकॉप्टर कलंडलं आणि पाती मातीत घुसली. घरी येऊन बघते तर एका पात्याला बुंध्याशी केसाएवढी चीर. बाकी सगळं मला ठीक दिसलं. आता मी बाई कवळ्या जोडणारी. दोन तुकडे झालेली कवळी सांधा न दिसता जोडून देते, तर ही चीर काय मोठी? फेविक्विक सोडलं, वरून सेलोटेप गुंडाळली, लॅबच्या काट्यावर दोन्ही पाती तोलली आणि वजन जुळवायला दुसऱ्या पात्यालाही टेप लावली. केवढा अभिमान वाटला होता त्या कामाचा!

पुढच्या रविवारी तेच शेत. मोटर वेगात आल्यावर शेपटी थरथरायला लागली. तिथेच थांबायचं होतं. मी वर घेतलं. जेमतेम गुडघाभर उंचीवर टाळी वाजावी तसा आवाज झाला, मी थ्रॉटल होल्डचं, म्हणजे मोटर बंद करायचं बटण मारलं आणि हेलिकॉप्टर स्वतःभोवती गोता खात पडलं. अर्धं पातं जागेवर नव्हतं. ते बांधात रुतलेलं सापडलं, माझ्यापासून एकेचाळीस पावलांवर. मोजली मी. कुणाला लागलं नाही, कारण त्या दिवशी त्या बाजूला कुणी नव्हतं. एवढंच कारण.

तर अशी मी त्या मोडक्या सांगाड्याचं खोकं घेऊन काकांकडे पोहोचले. दुकानाला पाटी नाही. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, लॅमिंग्टन रोड ओलांडायचा, खेतवाडीत शिरायचं आणि एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढायचा. दाराशी शिलाई मशीनचं जुनं पायडल दिसलं की समजायचं. काका आधी शिलाई मशीनं दुरुस्त करायचे, अजूनही करतात. अर्ध्या फळीवर मशीनची डोकी, अर्ध्या फळीवर हेलिकॉप्टरची. नाव लिहू नका असं त्यांनी बजावलंय म्हणून लिहीत नाही. बसायला एकच स्टूल, त्यावर ते स्वतः.

माझ्या आधी चेंबूरचा एक कॉलेजातला मुलगा होता. काकांचा पहिला प्रश्न, "उडवतोस कुठे?" तो म्हणाला, "आमच्या गच्चीवर." काकांनी त्याचं खोकं बंद करून त्याच्या हातात दिलं. "मग माझ्याकडे काम नाही."

मुलगा म्हणाला, "काका, हे ड्रोन थोडंच आहे, नियम ड्रोनला असतात." त्यावर काकांनी खणातून घडी पडलेली प्रिंट काढली. २०२१ चे ड्रोन नियम माणसाविना उडणाऱ्या सगळ्यांना लागू आहेत, चार पंख असोत की एक. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा पट्टा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्यापलीकडे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत. आता सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूचा विमानतळ, दोन्हींभोवती ८ किलोमीटरची वर्तुळं काढा आणि उपनगरात काय उरतं ते बघा. वर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघत असतात, त्यात ड्रोनबरोबर रिमोटवर उडणारी छोटी विमानंही असतात. काकांनी मुलाला डिजिटल स्कायचा, म्हणजे सरकारच्या ड्रोनसाठीच्या वेबसाइटचा नकाशा मोबाइलवर उघडून दाखवला आणि म्हणाले, "शिकायचंय ना? कॉम्प्युटरवर सिम्युलेटर घे, त्याला रिमोट जोड, हवं तेवढं पाड. तिथे पडलेलं दुरुस्त करायला माझी गरज नाही." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मुंबईत मी क्वचितच पाहिलाय.

माझा नंबर आला. मी मुरबाड सांगितलं, ते चाललं. मग त्यांनी खोकं उघडून पात्यावरची टेप पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मीच." ते काहीच बोलले नाहीत, उठले, भिंतीवरची हॅकसॉ काढली आणि दोन्ही पाती, फुटकं आणि चांगलं दिसणारंही, वाइसमध्ये धरून माझ्यासमोर कापून टाकली. विचारलंही नाही. "ताई, ही मी कचऱ्यात टाकली असती तर कुणीतरी उचलून परत लावली असती. आता लावून दाखवा म्हणावं."

पाचवा तारा इथे गेला. पाती माझी होती. विचारलं असतं तर मी होच म्हटलं असतं. त्यांचं म्हणणं असं की शंभरातले नव्वद लोक नाही म्हणतात. असतील, पण मला विचारायला हवं होतं.

मात्र पातं का जोडायचं नसतं ते त्यांनी ज्या तऱ्हेने सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलं. कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. हेलिकॉप्टरचं डोकं, म्हणजे पाती ज्यावर बसतात तो भाग, मिनिटाला २,८०० फेऱ्या मारतं, पात्यांचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर, म्हणजे टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. पातं जेमतेम तीस ग्रॅमचं, पण त्या वेगात ते बाहेर खेचलं जातं ते जवळजवळ ५० किलोच्या जोराने. "दोन्ही बाजूंना एकेक सिमेंटची गोणी टांगलीय असं समजा. आणि तुम्ही फेविक्विक लावलंत." कवळीचा सांधा चावताना दाबला जातो, पात्याचा बुंधा ओढला जातो. माझ्या धंद्याच्या भाषेत एवढाच फरक होता आणि तो मला सुचला नव्हता.

मग डोकं सोडवायला घेतलं. मी स्टुलाशेजारी उभी. दीड मिलिमीटरची अ‍ॅलन की लावून पातं धरणाऱ्या एका पकडीचा स्क्रू फिरवला, तो बोटाच्या जोरावर निघाला. काकांनी स्क्रूचे आटे ट्यूबलाइटखाली धरले. कोरडे. धातूत धातूचा स्क्रू बसतो तिथे निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद लावायचा असतो, नाहीतर थरथरीने स्क्रू आपणहून सुटतो. निळंच, कारण ते हाताने उघडता येतं. लाल लावलं तर गरम केल्याशिवाय निघत नाही. आणि प्लॅस्टिकला यातलं काहीच लावायचं नाही, प्लॅस्टिक तडकतं. हे मला लगेच पटलं. अ‍ॅक्रिलिकच्या कवळीला स्पिरिट लागलं की बारीक जाळी पडते, ती मी कितीदा पाहिलीय. तर ही कोरडी कामगिरी माझी नाही. गेल्या वर्षी उपनगरातल्या एका खेळण्यांच्या दुकानात मी डोक्याची बेअरिंगं बदलून घेतली होती. नाव घेत नाही. हजार रुपये दिले होते.

त्या दुकानाची आणखी एक करामत निघाली. पातं ज्या पकडीत बसतं तिच्यात एक थ्रस्ट बेअरिंग असतं, दोन चकत्या आणि मध्ये गोळ्या. त्या सिमेंटच्या गोणीचा भार तेच घेतं. दोन्ही चकत्या दिसायला जुळ्या. काकांनी त्या पांढऱ्या कापडावर ठेवल्या, धुतल्या आणि कॅलिपर माझ्या हातात दिला. "मोजा." एका चकतीचं भोक दुसरीपेक्षा किंचित मोठं निघालं. डोळ्याला कळत नाही, कॅलिपरला कळतं. मोठ्या भोकाची चकती आत, डोक्याच्या बाजूला. लहान भोकाची बाहेर, स्क्रूच्या बाजूला. माझ्या हेलिकॉप्टरची एका बाजूची बरोबर होती, दुसऱ्या बाजूची उलटी. वर्षभर मी तसंच उडवत होते आणि रिमोट जरा जड लागतो म्हणून स्वतःच्या हाताला दोष देत होते. चकतीवर एका जागी गोळ्यांचे खळगे पडलेले. नखाने कळत होते.

आणि तो आडवा शाफ्ट, दोन्ही पकडी ज्यावर बसतात तो. तीनेक मिलिमीटर जाड, दिसायला सरळसोट. मी घरी डोळ्यासमोर धरून तपासला होता. काकांकडे खिडकीची एक जुनी काच आहे, कडा घासलेली. तिच्यावर शाफ्ट ठेवून बोटाने हलकेच लोटला. चांगला शाफ्ट निःशब्द घरंगळतो. माझा टिक, टिक, टिक करत गेला आणि प्रत्येक टिकेला त्याच्या पोटाखालून ट्यूबलाइटची एक फट उघडली आणि मिटली. मी दोनदा लोटून बघितला. काकांचा नियम असा की पाती जमिनीला लागली की हा शाफ्ट बदलायचा, तपासत बसायचं नाही. वाकलेला सरळ करायचा तर नाहीच. मुख्य उभा शाफ्ट मात्र काचेवर पास झाला, तो ठेवला.

बाकीचं पटपट सांगते. मोठ्या गिअरचे दोन दाते चेपले होते, गिअर बदलला. छोट्या गिअरशी तो किती घट्ट बसवायचा ते बेस्टच्या जुन्या तिकिटाचा कागद दोघांमध्ये घालून ठरवलं. कागदाला घड्या पडल्या पाहिजेत, फाटला नाही पाहिजे. शेपटीचा पट्टा ताणला. पात्यांचा कोन बदलणाऱ्या दांड्यांच्या टोकाच्या दोन बॉल लिंक ढिल्या होत्या, त्या बदलल्या.

बॅटरीवरून बोलणी खाल्ली ती वेगळी. मी पावसाळाभर ती पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवली होती, म्हटलं लागेल तेव्हा तयार. लिथियम पॉलिमरचा सेल ४.२ व्होल्टला भरतो, पण ठेवायचा असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा. माझी बॅटरी दिवाळीतल्या अनारशासारखी फुगली होती आणि मी ती टेप लावून तशीच वापरत होते. (माझं टेपप्रेम एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.) काकांनी ती माझ्याशी न बोलता जिन्यातल्या वाळूच्या बादलीत ठेवली. ते बॅटऱ्या विकत नाहीत, त्यामुळे यात त्यांचा काही फायदा नव्हता. नवी घेतली ती बॅलन्स चार्जरवर (हा सगळे सेल सारखे भरतो), कुकरच्या जुन्या भांड्यात ठेवून, मी शेजारी बसलेली असतानाच चार्ज करते.

खरा घाम मला फुटला तो डिलिव्हरीच्या दिवशी. काका दुकानात पाती लावून मोटर कधीच चालवत नाहीत. पाती काढलेली, मोटर मागे सरकवलेली, तिचा छोटा गिअर कशालाच न लागता मोकळा. अशी मोटर त्यांनी रिमोटवर अर्ध्या वेगात चालू केली आणि रिमोट माझ्या हातात दिला. "आता रिमोट बंद करा." मी बंद केला. मोटर चालूच. हातातला रिमोट मेलेला, फळीवर मोटर आपली गुणगुणतेय. दोन सेकंद, तीन सेकंद, पाच. काका ती बंद करायला पुढे होईनात, माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मीच बॅटरीची पिन ओढली.

फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटला की मोटरने काय करायचं ते आधी ठरवून ठेवणं. माझ्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टरवर रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या डबीत, ते ठरवलेलंच नव्हतं, म्हणून तो शेवटचा हुकूम धरून बसायचा. तीन वर्षं. भाचा उडवायचा ती वर्षं वेगळी. काकांनी सेट करून दिलं, आणि मला पाच वेळा बंद-चालू करायला लावलं. पाचही वेळा मोटर थांबली. ही तपासणी तुमच्या हेलिकॉप्टरची झालेली नसेल तर हे वाचून होताच करा, पण पाती काढून आणि मोटर मोकळी करून. सेटिंग करताना निदान मोटरच्या तिन्ही वायरी तरी सोडवा.

मी म्हटलं, "काका, एवढंसं तर आहे, खेळणंच." तेव्हा ते पहिल्यांदा जरा मऊ बोलले. २०१३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका बागेत १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. त्याचं हेलिकॉप्टर माझ्याहून बरंच मोठं होतं आणि तो काही शिकाऊ नव्हता. ती बातमी काकांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेली आहे. दार उघडल्याशिवाय दिसत नाही.

पात्यांची पातळी जुळवायचं काम ते दुकानात करत नाहीत, मैदानात आपण करायचं. एका पात्याच्या टोकाला लाल टेप (या टेपेला परवानगी आहे), दुसऱ्याला पिवळी, आणि वेगात आल्यावर दोन रंग एकाच रेषेत दिसतात की वरखाली ते बघायचं. बघायचं लांबून. पात्यांच्या रेषेत डोळे येतील असं वाकून कधीच बघायचं नाही. मी पंधरा पावलांवरून बघते. खालच्या रंगाचं पातं कुठलं ते ओळखायचं, थांबवायचं, पाती पूर्ण थांबल्यावर बॅटरी काढायची, लिंक अर्धा फेरा फिरवायची, पुन्हा. एक अख्खी सकाळ जाते.

आता तक्रारी. गुरुवारी देतो म्हणाले, एकोणीस दिवस लागले. कारण खरं होतं, मूळ कंपनीचा शाफ्ट मिळेपर्यंत ते थांबले, स्वस्तातला कॉपी शाफ्ट त्यांनी लावायला नकार दिला. पण एक फोन करता आला असता. त्यांचा फोन लागतो, उचलला मात्र जात नाही. उघडून बघण्याचे ४०० रुपये काम होवो न होवो घेतात. माझं एकूण बिल सुट्या भागांसकट ५,३५० झालं, पाती त्यातच. नवं घ्यायचं म्हटलं तर याच्या कितीतरी पट जातील, पण कॉलेजच्या पोरांना हे जड आहे आणि काकांना त्याची काही पडलेली नाही. गिऱ्हाइकांसमोर बोलतात. मला चाललं, माझ्या लॅबमधले डॉक्टर याहून वाईट बोलतात. लाजऱ्या माणसाला सोबत घेऊन जाऊ नका.

दुरुस्तीनंतर चार रविवार उडवलं. शेपटी हलत नाही. रिमोट हलका लागतो. पकडी बोटाने फिरवल्या तर लोण्यात फिरतात. पाचव्या रविवारी वारा होता, खोकं न उघडताच परत आणलं. लेडीज डब्यात एका बाईंनी विचारलं, "काय आहे हो यात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग उडवलं नाही का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी खोकं मांडीवर घ्यायला मदत केली.

काकांची वेळ अकरा ते सात, रविवारी बंद, दुपारी दीड ते तीन दार ओढलेलं असतं. हेलिकॉप्टर नेताना पाती काढून वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. बॅटरी दाखवायची नसेल तर घरीच ठेवा, गर्दीच्या लोकलमध्ये ती चेपायला नको. पैसे रोख लागतात. सुट्टे न्या. पाचशेची नोट दिसली की काका सुट्टे आणायला खाली पानवाल्याकडे पाठवतात, आणि पाठवतात आपल्यालाच.